डेव्हिल्स लेक स्टेट पार्क: सासू-सासऱ्यांना घेऊन तंबूत राहायचंय, कुठली साइट घ्यावी?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो. सासू-सासरे साताऱ्याहून आलेत, ऑक्टोबरपर्यंत इथेच आहेत. नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन हे सगळं मागच्या खेपेला झालं. या वेळी सासऱ्यांनीच टूम काढली, "ते लोक गाडीला सायकली बांधून तंबू घेऊन कुठं जातात गं? तिकडं जाऊ की." ते निवृत्त भूगोल शिक्षक, त्यामुळे त्यांना हॉटेलच्या खिडकीतून डोंगर बघण्यात काडीचा रस नाही. पोरं (९ आणि ५) तेव्हापासून हवेत आहेत.

डोक्यात विस्कॉन्सिनचं डेव्हिल्स लेक आहे. ऑगस्टचा शेवटचा आठवडा, सोमवार ते गुरुवार. तिथे क्वार्ट्झाइट, नॉर्दर्न लाइट्स आणि आइस एज अशी तीन कॅम्पग्राउंड दिसतात. मला अगदी पाण्याला लागून साइट हवी आहे, सकाळी तंबूची चेन उघडली की समोर तळं. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि रात्री उठावं लागतं, एवढीच अडचण. कुणी वयस्कर माणसांना घेऊन गेलंय का? जेवणाखाण्याचं काय करता?

भटकभवानी

आधी वाईट बातमी देते. तिथे पाण्याला लागून एकही साइट नाही. तिन्ही कॅम्पग्राउंड तळ्याच्या उत्तरेच्या अंगाला आहेत. क्वार्ट्झाइट आणि नॉर्दर्न लाइट्समधून उत्तरेच्या किनाऱ्यावर चालत जाता येतं, आइस एज त्यामानाने आत आणि लांब. त्यामुळे "समोर तळं" हा नाद सोडा, त्यासाठी सकाळी खुर्ची उचलून किनाऱ्यावर जाऊन बसायचं.

आता माझं ठाम मत. घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस रात्री दोन वाजता संडासला कसं जाईल, यावरून साइट ठरवायची. बाकी सगळं नंतर. नकाशा उघडा, फ्लश संडास आणि शॉवरची इमारत कुठे आहे ते बघा. साधे खड्ड्याचे संडासही असतात, नकाशावर त्यांची खूण वेगळी असते, फसू नका. पण इमारतीला अगदी खेटून साइट घेऊ नका. रात्रभर दिवा, दार आपटण्याचा आवाज आणि लोकांची ये-जा. दोन-तीन साइट सोडून, रस्त्याच्या त्याच बाजूला, वाट सपाट असलेली घ्या. बुकिंगच्या पानावर बऱ्याच साइटचे फोटो असतात, त्यात उतार दिसतो. तंबू उतारावर लागला तर रात्रभर सगळे एका कोपऱ्यात गोळा होतात.

क्वार्ट्झाइट म्हणजे मोकळं गवताळ मैदान. सावली कमी, आत राहायची सोय असलेल्या मोठ्या कॅम्परगाड्या जास्त, खासगीपणा जवळजवळ शून्य. पण सपाट आणि तळ्याच्या जवळ. नॉर्दर्न लाइट्स थोडं झाडीतलं, थोडं उघडं. आइस एज दाट झाडीत, खरं तंबूवाल्यांचं. मी एकटी असते तर डोळे मिटून आइस एज. तुमच्या सासूबाईंसाठी नॉर्दर्न लाइट्स, नाही मिळालं तर क्वार्ट्झाइट.

शिकागोचा_मामा

भवानीबाईंशी सहमत. फक्त "नाही मिळालं तर" यावर थोडं बोलायला हवं. विस्कॉन्सिनच्या स्टेट पार्कचं बुकिंग अकरा महिने आधी उघडतं. उन्हाळ्यातले शनिवार-रविवार तेव्हाच उडतात. हे राज्यातलं सगळ्यात गर्दीचं स्टेट पार्क आहे, वर्षाला वीस लाखांवर माणसं येतात, आणि त्यातली निम्मी आपल्याच इलिनॉयच्या नंबरप्लेटवाली वाटावीत इतकी आपली वर्दळ. पण तुम्ही मधल्या वारी जाताय, तेव्हा आशा आहे. लोक रद्द करत असतात. रोज सकाळी चहा पिताना एकदा बुकिंगचं पान उघडायची सवय लावा. चारही रात्री एकाच साइटवर मिळाल्या नाहीत तर दोन-दोन रात्री वेगळ्या साइटवर घेऊ नका. अख्खा संसार मोडून परत मांडायचा, आणि तोही सासू-सासऱ्यांसमोर. नकोच.

एका साइटवर सहा माणसं किंवा एक कुटुंब चालतं. तुम्ही सहाच आहात, मिटलं. साइटच्या भाड्याशिवाय गाडीचा प्रवेश-स्टिकर वेगळा घ्यावा लागतो, आणि बाहेरच्या राज्यातल्या गाडीला जास्त पैसे पडतात.

लाकडं घरून नेऊ नका! हे सगळ्यात महत्त्वाचं. पार्कच्या दहा मैलांच्या आतलं लाकूड किंवा सरकारी शिक्क्याचं प्रमाणित लाकूडच चालतं. कारण एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा किडा. २००२ साली मिशिगनमध्ये सापडला, २००८ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये. तो स्वतः फार लांब उडत नाही, लोकांच्या जळणातून गावोगाव पोचतो आणि ॲश नावाची झाडं सालीखालून पोखरून मारतो. नेलेलं लाकूड परत आणायचं म्हटलं तरी तोच घोळ. तिथेच गठ्ठा विकत घ्या.

पवनाकाठ

मी पुण्याचा, उगाच मध्ये नाक खुपसतोय. आम्ही पवना धरणाच्या काठी जातो तेव्हा तंबू लावलेला असतो, गादी घातलेली असते, संध्याकाळी बार्बेक्यू, रात्री स्पीकर, सकाळी पोहे-चहा. माणशी पैसे द्यायचे आणि समोर तुंग-तिकोना बघत बसायचं. तुमच्याकडे पैसे देऊन नक्की मिळतं काय?

भटकभवानी

जमिनीचा तुकडा, लाकडी टेबल-बाकडं, जाळ करायला लोखंडी कडं आणि गाडी लावायला जागा. थोडे जास्त पैसे दिले तर विजेचा खांब. नळ सामाईक, संडास-शॉवर सामाईक. तंबू, अंथरूण, भांडी, चहाची गाळणी सगळं आपलं. जाताना जागा सापडली तशी ठेवायची. स्पीकरचं मात्र विचारू नका, पुढे कुणीतरी येईलच त्यावर.

शांतताप्रिय

आलोच. 🙂

कोयनाकाठ, हे तुम्हाला नाही, तुम्ही सहाच जण आहात. पण आपले लोक दहा-बारा कुटुंबं मिळून येतात तेव्हा जे होतं ते लिहिल्यावाचून राहवत नाही. रात्री ११ ते सकाळी ६ शांततेची वेळ असते, हे फलकावर लिहिलेलं असतं. तरी साडेअकराला अंताक्षरी रंगात, बाराला कुणाला तरी भूक लागते म्हणून पावभाजीचा तवा पुन्हा चढतो, आणि सकाळी पाचला काकांचा मोबाइल मोठ्याने भूपाळी म्हणतो. तंबूच्या भिंती कापडी असतात हो. शेजारी दुसऱ्या दिवशी नजर टाळतात, आपल्याला वाटतं ते लोक थंड आहेत.

शिकागोचा_मामा

अहो शांतताप्रिय, दर धाग्यावर हेच. दहा वाजता झोपणारे मराठी लोकही असतात. आणि शेजारचे गोरे काय सगळे मौनव्रत घेऊन येतात? बिअरचे डबे फोडत दोन वाजेपर्यंत हसणारेही असतात.

शांतताप्रिय

असतात की. त्यांनाही रेंजर येऊन सांगतो. मी फक्त आपल्या घरातलं बोलतोय. मोठा ग्रुप असेल तर ग्रुप कॅम्प वेगळा असतो, तो घ्यावा, एवढंच. आणि एक सूचना: गाडीला किल्लीच्या बटणाने कुलूप लावलं की हॉर्न वाजतो तो आधी बंद करून ठेवा. रात्री प्रत्येक संडासवारीला पीक-पीक.

सुगरण_मॅडिसन

हा हॉर्नचा मुद्दा मात्र सोळा आणे खरा!

आता खाण्याचं. मी पाऊण-एक तासावर मॅडिसनला राहते, त्यामुळे उन्हाळ्यात आमचं तिथं जाणं-येणं असतं. वयस्कर माणसं असतील तर विजेची साइट घ्या. सहसा खांबावर कॅम्परगाड्यांच्या मोठ्या सॉकेटबरोबर आपलं घरगुती २० अँपिअरचं सॉकेटही असतं. १२० व्होल्टला २० अँपिअर म्हणजे २४०० वॉट. इंडक्शन पूर्ण आचेवर १८०० वॉट खातो, इलेक्ट्रिक कुकर हजाराच्या आसपास. दोन्ही एकदम लावले की खटका पडतो. आधी कुकरला खिचडी, ती झाली की इंडक्शनवर फोडणी. जाड तारेची, बाहेर वापरायची एक्स्टेन्शन कॉर्ड न्या, दिवाळीच्या माळेची पातळ वायर चालणार नाही.

फोडण्या शक्यतो घरूनच करून न्या. तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता, मिरची परतून काचेच्या बरणीत. पोह्यांवर, उपम्यावर, दह्यावर, कशावरही एक चमचा. कांदा चिरून नेऊ नका, कूलरमधल्या दुधालाही वास लागतो. पहिल्या दिवशीचं जेवण घरूनच बांधून न्या, कारण तंबू उभा करताना कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. दशम्या, तिळाची चटणी, दही, बस. दुसऱ्या दिवशीपासून जाळावर मक्याची कणसं. ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिनचा मका ऐन बहरात असतो, रस्त्याकडेला शेतकऱ्यांच्या टपऱ्यांवर मिळतो. सालासकट अर्धा तास पाण्यात बुडवायचा आणि मग निखाऱ्यावर. वांगं थेट निखाऱ्यात. त्या भरताची चव घरच्या गॅसवर येत नाही.

भांडी नळावर घासायची नाहीत. नळ पाणी भरण्यासाठी असतो. टबमध्ये घासून, खरकटं गाळून कचऱ्यात टाकायचं आणि पाणी ठरवून दिलेल्या जागीच ओतायचं.

आणि रॅकून! माणसाच्या हातासारखे पंजे असतात त्यांना. कूलरचं झाकण उघडतात, चेन ओढतात. झोपायच्या आधी खाण्याचा प्रत्येक जिन्नस गाडीत, गाडीच्या काचा बंद. तंबूत लाडवाचा डबा ठेवून झोपलात तर रात्री पाहुणा येणारच. सुगंधी साबण आणि टूथपेस्टसुद्धा गाडीत.

दगडधोंडे

भूगोलाचे शिक्षक येताहेत हे वाचलं आणि लॉगिन केलं. गुरुजींना हे वाचून दाखवा.

तळ्याच्या दोन्ही अंगांना जे कडे दिसतात ते बाराबू क्वार्ट्झाइटचे. सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वी इथे वाळू साठली, तिचा वालुकाश्म झाला, पुढे दाब आणि उष्णतेने तो इतका घट्ट झाला की आता तो फुटतो तेव्हा वाळूच्या कणांना वळसा घालून फुटत नाही, कणांच्या आरपार फुटतो. लोहाच्या अंशामुळे रंग गुलाबी-जांभळा. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. म्हणजे साताऱ्याचा अजिंक्यतारा या दगडापुढे कालचं पोर आहे. काही शिळांवर लाटांच्या वळ्या दिसतात, उथळ पाण्याखालच्या वाळूवर उमटतात तशाच. हात फिरवून बघायला लावा पोरांना.

आता तळं कसं झालं ते. या डोंगररांगेला कापत पूर्वी एक नदी वाहायची, तिने ही खिंड पाडली. शेवटच्या हिमयुगात हिमनदीची एक जीभ ईशान्येकडून आली आणि इथेच येऊन थबकली. तिच्या टोकाशी दगडमातीचे ढीग साचले, ज्याला पुस्तकात हिमोढ म्हणतात. खिंडीच्या दोन्ही तोंडांना असे बांध पडले आणि मध्ये पाणी कोंडलं. तेच हे ३६० एकरांचं तळं. खोली पन्नास फुटांच्या आत, पण कडे पाण्यापासून पाचशे फुटांपर्यंत चढतात. खिंडीच्या तळाशी मात्र आणखी कितीतरी खोलवर गाळ भरलेला आहे, जुन्या नदीचं पात्र त्याखाली गाडलंय. निसर्गाने एकाच खिंडीला दोन धरणं बांधली, तीही सांडव्याशिवाय. तळ्यातून बाहेर वाहणारा ओढा दिसत नाही तो त्यामुळे.

गंमत अशी की इथून पश्चिमेला निघालात की थोड्याच अंतरावर हिमनदी कधी पोचलीच नाही असा मुलूख लागतो. गुरुजींना गाडीच्या पुढच्या सीटवर बसवा. गोलसर टेकड्या आणि तीव्र दऱ्या यातला फरक ते तुमच्या आधी ओळखतील.

कड्यांखाली गाडीएवढ्या दगडांचा खच पडलेला आहे. पाणी भेगांत शिरून गोठतं, फुगतं, दगड सुटतो. हिमयुगाच्या थंडीत हे फार जोरात झालं. त्यातूनच डेव्हिल्स डोअरवे आणि बॅलन्स्ड रॉक असे आकार उरले.

अजून एक. उत्तर आणि दक्षिण किनाऱ्यांवर मातीचे उंचवटे दिसतील, गवताने झाकलेले. एक अस्वलाच्या आकाराचा, एक पंख पसरलेल्या पक्ष्याच्या. इथल्या मूळ रहिवाशांनी हजारेक वर्षांपूर्वी केलेले हे पवित्र उंचवटे आहेत. हो-चंक या इथल्या मूळ जमातीच्या लोकांसाठी ही जागा आजही पवित्र आहे. पोरांना त्यावर घसरगुंडी खेळू देऊ नका, पाटी वाचूनच पुढे जा.

कोयनाकाठ

दगडधोंडे, तुमचा प्रतिसाद मी मोठ्याने वाचला. बाबांनी मधेच थांबवून "हिमोढ शब्द वापरलाय बघ, शिकलेला माणूस आहे," असं सर्टिफिकेट दिलं. आता ते घरात अजिंक्यताऱ्याला "कालचं पोर" म्हणत फिरतायत.

नॉर्दर्न लाइट्समध्ये विजेची साइट मिळाली! कुणीतरी रद्द केली होती. शॉवरची इमारत तीन साइट पलीकडे. नवरा म्हणतो झाडं जरा कमी दिसतात. मी म्हटलं, झाडाला रात्री उठावं लागत नाही.

आता पुढचे प्रश्न. सासूबाईंना झेपेल अशी वाट कुठली? आणि पाऊस आला तर तंबूत शेगडी पेटवून चहा करता येतो ना? आमच्याकडे छोटी गॅसची शेगडी आहे.

डॉक्टरीणबाई

शेगडीबद्दल आधी, कारण यात मस्करी नाही. तंबूच्या आत गॅसची शेगडी, कोळसा, निखाऱ्यांचं घमेलं, काहीही पेटवायचं नाही. चेन थोडी उघडी ठेवली तरी नाही, थंडी वाजते म्हणूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणसाला गुंगी येते आणि जाग येत नाही. शिवाय तंबूचं कापड क्षणात पेटतं. पावसासाठी टेबलावर वेगळी ताडपत्री उंच बांधा आणि तिच्याखाली, बाजू उघड्या ठेवून चहा करा. तुमच्याकडे वीज आहे, किटली लावा की सरळ.

दुसरं, गोचीड. इथल्या काळ्या पायांच्या गोचिडीमुळे लाइम नावाचा आजार होतो आणि विस्कॉन्सिनमध्ये तो भरपूर आहे. तिची पिल्लं खसखशीएवढी असतात, दिसत नाहीत. उंच गवतात शिरू नका, पायमोजे पँटवर ओढा, कपड्यांना परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारा (अंगाला नाही, कपड्यांना, आणि वाळल्यावर घाला). रोज रात्री पोरांची काखा, जांघा, कानामागे, केसांत तपासणी. सासूबाई साडी नेसत असतील तर वाटेवर चालताना पंजाबी ड्रेस किंवा पँट बरी. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. तेल, रॉकेल, काडी असले घरगुती उपाय नकोत. लाइमचे जंतू शरीरात जायला सहसा एक दिवसाहून जास्त वेळ ती चिकटलेली असावी लागते, म्हणून रोजची तपासणी हाच खरा उपाय. नंतर काही दिवसांत ताप आला किंवा पसरत जाणारा लाल चट्टा उठला तर डॉक्टरकडे जाऊन "गोचीड चावली होती" हे आवर्जून सांगा.

तळ्यात डुंबून आलात की टॉवेलने लगेच खसखसून पुसा. या भागातल्या तळ्यांत बदकं आणि गोगलगायींमुळे वाढणारे बारीक परजीवी असतात, अंग ओलं राहिलं तर खाज सुटते. घातक नाही, पण पोरं रात्रभर झोपू देत नाहीत. किनाऱ्यावर जीवरक्षक नसतात, पाच वर्षांच्या मुलाला लाइफ जॅकेट घाला आणि एका मोठ्या माणसाची नेमणूक फक्त त्याच्यावर.

सासू-सासऱ्यांचा प्रवासी विमा काढला आहे ना? पॉलिसीचा कागद आणि रोजच्या गोळ्यांची यादी गाडीत ठेवा. बाराबू गावात हॉस्पिटल आहे, लांब नाही. इन्सुलिन असेल तर कूलरमध्ये बर्फाला थेट टेकवू नका, गोठलं की फुकट.

भटकभवानी

वाटांचं सांगते. बॅलन्स्ड रॉकची वाट छोटी दिसते म्हणून फसू नका. ती दगडी पायऱ्यांची चढण आहे, गुडघ्यांची परीक्षा बघणारी. तुमचा नवरा, थोरला आणि गुरुजी (त्यांना आवरता येणार नाही असं दिसतंय) जाऊ देत, पाण्याची बाटली आणि बूट घालून. १९३०च्या दशकातल्या मंदीत बेकार तरुणांना सरकारने कामाला लावलं, त्यांचा तळ याच पार्कात होता आणि इथल्या बऱ्याच पायवाटा-पायऱ्या त्यांच्या हातच्या आहेत. चढताना प्रत्येक पायरी कुणीतरी खांद्याने ढकलून बसवलीय हे जाणवतं.

सासूबाईंसाठी पश्चिम काठाची टंबल्ड रॉक्स वाट. कड्याच्या पायथ्याशी, दगडांच्या खचातून, पाण्याला लागून जाते, चढ जवळजवळ नाही. जिथे थकाल तिथून मागे फिरायचं. दक्षिणेकडे ग्रॉटोजची वाटही सपाट आहे, झाडीतली. पूर्व काठाने मालगाडीचा रूळ जातो, १८७०च्या दशकापासूनचा. धाकट्याला तळ्याकाठून जाणारी गाडी हे एक आकर्षण, पण रूळ ओलांडून फोटो काढायला कुणी जाऊ नये. ओझरता हॉर्न रात्रीही कानावर येईल, कानात घालायचे बोळे घेऊन जा.

तळ्यावर फक्त विजेच्या मोटरच्या होड्यांना परवानगी आहे, त्यामुळे पेट्रोल इंजिनांचा धडधडाट नाही. कयाक, कनू भाड्याने मिळतात. सकाळी लवकर जा, पाणी स्तब्ध असतं आणि कड्यावरून गिधाडं घिरट्या घालायला लागतात.

तंबूबद्दल दोनच गोष्टी. खोक्यावर सहा माणसं लिहिलं असेल तर चार समजा. म्हणजे तुम्हाला दोन तंबू लागतील, दोन्ही एका साइटवर बसतात का ते आधी बघा. आणि खालची ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर डोकावू देऊ नका, पावसाचं पाणी तिच्यावर पडून आत शिरतं. सासू-सासऱ्यांना घडीची खाट द्या. जमिनीवरून उठणं हीच खरी कसरत असते, झोपणं नाही. ऑगस्टअखेर रात्री गारवा येतो, कानटोपी आणि शाल असू द्या.

नागपुरी_तडका

एवढ्या लांब जाताय तर बाराबूचं क्रेन फाउंडेशन सोडू नका राव. १९७३ पासून आहे. जगातल्या क्रौंचांच्या पंधराच्या पंधरा जाती तिथे बघायला मिळतात, त्यात आपला सारसही. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडच्या धानाच्या बांध्यांत सारसाची शेवटची काही जोडपी उरली आहेत, महाराष्ट्रात जवळपास इतरत्र कुठे नाहीत. मी गोंदियाचा. तिथे कुंपणापलीकडे तो लाल मानेचा उंच पक्षी बघितला आणि गावाकडची तळीच आठवली. सासूबाईंना बसून बघता येईल अशी जागा आहे, वाटा सपाट.

पोरांसाठी सर्कस वर्ल्ड, म्हणजे सर्कशीचं संग्रहालय. रिंगलिंग बंधूंची सर्कस १८८४ साली याच गावातून निघाली, हिवाळ्यात त्यांचे हत्ती-घोडे इथेच मुक्कामाला असायचे. पाऊस पडला तर एक दुपार तिथे निघते.

शिकागोचा_मामा

आणि परतताना मेरिमॅकची फेरीबोट! गाडीसकट विस्कॉन्सिन नदी ओलांडायची, तीही फुकट, सरकारी. पलीकडे पोचायला काही मिनिटंच लागतात, पण पोरं आठवडाभर तेच सांगत बसतात. उन्हाळ्यात रांग असते, आइसक्रीम खात उभं राहायचं.

शांतताप्रिय

पुढच्या वेळेसाठी एक पर्याय नोंदवतो, बहुतेक लोक डेव्हिल्स लेकच्या नावामागे धावतात म्हणून. तिथून जेमतेम वीसेक मिनिटांवर मिरर लेक स्टेट पार्क आहे. तळं अरुंद, वळणावळणाचं, वालुकाश्माच्या भिंतींमधलं. तिथे होड्यांना लाट उठेल इतका वेग घ्यायला मनाई आहे, त्यामुळे पाणी खरोखर आरशासारखं. गर्दी निम्मी. चालता न येणाऱ्या व्यक्तींसाठी राखीव, व्हीलचेअर जाईल अशी केबिनही आहे. आणि १९५८ साली प्रसिद्ध अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइटने आराखडा केलेली छोटी कॉटेज तळ्यावरच्या कड्यावर आहे, रात्रीपुरती भाड्याने मिळते, पण तिचं बुकिंग फार आधी भरतं.

शिकागोचा_मामा

शांतताप्रिय, ही जागा धाग्यावर लिहिलीत म्हणजे पुढच्या वर्षी आमची दहा कुटुंबं तिथेच. 😄

शांतताप्रिय

तीच भीती होती.

हिरवा_चुडा

छान धागा. मी मिलवॉकीला नवीनच आलेय. आम्हा दोघांना ऑक्टोबरात पानं रंगतात तेव्हा जायचंय. साइट लगेच मिळते का तेव्हा? आणि वर्षाचं स्टिकर घेतलेलं परवडतं का?

भटकभवानी

ऑक्टोबरचे शनिवार-रविवार उन्हाळ्याइतकेच भरलेले असतात, कड्यावरून रंग बघायला सगळा मुलूख लोटतो. मधल्या वारी जा. रात्री पारा शून्याच्या जवळ जातो, तेव्हा अंथरुणाखालची मॅट चांगली घ्या, थंडी जमिनीतून वर येते. कडाका वाढला की काही इमारतींचं पाणी बंद करतात, म्हणून बुकिंगच्या आधी पार्काच्या सूचना वाचा, नाहीतर शॉवर कोरडा निघेल.

स्टिकरचं म्हणशील तर वार्षिक स्टिकर कॅलेंडर वर्षाचं असतं, ३१ डिसेंबरला संपतं. ऑक्टोबरात एकाच सहलीसाठी रोजचा पास घे, वर्षाचं जानेवारीनंतर बघ.